सुरकुत्या, सीरम आणि गीता २.१३



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १३

भावार्थ: याच देहात आधी बालपण येतं, मग तारुण्य, मग म्हातारपण. देहात राहणारा मात्र तोच असतो. पुढचा देह मिळणं हेही तसंच. ज्याला हे कळलं तो धीर माणूस, तो गोंधळत नाही.

चिंतन:

विरार लोकलच्या लेडीज डब्यात पूर्वी भाजी निवडता निवडता सासू-सुनेच्या गप्पा चालायच्या. आता त्यात रेटिनॉल, व्हिटॅमिन सी आणि बोटॉक्स पण आलेत. मी ३६ वर्षांची. एका स्किन क्लिनिकने मला सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, हप्त्यांची सोय आहे म्हणे. त्यातच ऑफिसात एका क्लायंट कॉलच्या आधी सूचना आली, "जरा फ्रेश दिसा, टीम यंग वाटली पाहिजे." म्हणजे प्रश्न नुसता आरशाचा नाही, पगाराचाही आहे. तर मग नामस्मरण करणाऱ्या माणसाने तरुण दिसायची खटपट करावी का?

"देह नश्वर आहे, सोड ते सगळं," हे उत्तर सोपं आहे, पण मला पटत नाही. १७व्या अध्यायात भगवंत सांगतात की जे देहाला उगाच कष्टवतात, ते आत बसलेल्या मलाही कष्टवतात. आपण दात घासतो, चष्मा लावतो, गुडघ्याला तेल चोळतो. राहत्या घराची डागडुजी करण्यात पाप कसलं?

आणि डागडुजी म्हणाल तर ती फार महाग नाही. वयाआधी येणाऱ्या सुरकुत्या आणि डाग यांचं मोठं कारण ऊन आहे. त्यातले यूव्हीए किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात आणि त्वचेतलं कोलॅजन मोडतात. म्हणून रोजचं सनस्क्रीन, टोपी, छत्री, सिगारेट न ओढणं हेच खरं काम करतं. रेटिनॉइडचाही उपयोग होतो, पण गरोदरपणात ते चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच. बोटॉक्सचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. आमच्या भाषेत सांगायचं तर हा पॅच आहे, तोही दर तिमाहीला नवा.

पण डागडुजी कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते?

इथे मला माउली आठवतात. १३व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतलं दुःख नीट पाहायला सांगितलंय. त्यावर ज्ञानेश्वरीत म्हातारपणाचं लांबलचक वर्णन आहे. आज कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे उद्या पिकलेल्या पडवळासारखे होतील, असं माउली बिनधास्त सांगतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. परंपरेप्रमाणे जन्म १२७५ चा धरला तर तेव्हा त्यांचं वय जेमतेम १५. समाधी २१व्या वर्षी. म्हणजे ज्यांच्या वाट्याला म्हातारपण आलंच नाही, त्यांनी ते इतकं जवळून पाहिलं! आणि ते घाबरवण्यासाठी नाही. हातपाय धड आहेत तोवर करायचं ते करून घे, हा त्यांचा रोख आहे. आपण आरशात सुरकुती पाहतो आणि ती लपवायची कशी याचा विचार करतो. माउली ती येण्याआधीच पाहतात आणि वेळ कसा वापरायचा याचा विचार करतात.

दुसरी आठवण ययातीची. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलं, तेव्हा त्याने मुलांकडे तारुण्य मागितलं. धाकट्या पुरूने ते दिलं. आपण या गोष्टीतून "वासना संपत नाही" एवढंच घेतो. पण एकाच्या तारुण्याचं बिल दुसऱ्याने भरलं, हेही त्यात आहेच ना?

ते बिल आजही कोणीतरी भरतं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. गोरं दिसण्याच्या क्रीममुळे एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला इजा झाली, तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. त्या मुली-बायका काही मोठ्या अहंकारी नव्हत्या. "आहेस तशी चालणार नाहीस," असं आजूबाजूचे रोज सांगत असतात, त्याचं हे बिल.

ऑफिसातही तेच. फ्रेश दिसण्यासाठी मी पॅकेज घेतलं, की शेजारच्या खुर्चीवरच्या ४५ वर्षांच्या सहकाऱ्यावर दडपण वाढतं. पुढच्या वर्षी त्या घेतील, मग माझ्यापेक्षा लहान मुलीही. कामाचा अनुभव कोणी मोजणारच नाही. म्हणून मी ते पॅकेज घेत नाहीये. भाजल्याचे व्रण किंवा कोड असलेल्याने उपचार घ्यावेत की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो ज्याचा त्याने ठरवावा.

माझ्या आईचा चेहरा माझ्यापेक्षा कितीतरी सुरकुतलेला आहे. आगाशीच्या वाडीत तिने आयुष्यभर मोगरा खुडला आणि दादरला पाठवला. त्या फुलांवर माझं इंजिनीअरिंग झालं. ऊन तिने खाल्लं, एसी मला मिळाला. आणि सनस्क्रीन लावते कोण, तर मी! गेल्या रविवारी तिच्यासाठीही एक ट्यूब नेली. म्हणाली, "आता या वयात काय करायचंय गं? कोण बघणारे?" मी म्हटलं, "अगं आई, बघण्यासाठी नाही, उन्हाने आग होते ना म्हणून." मग गप्प बसून लावून घेतलं. तिच्या कपाळावर बोट फिरवताना एकही सुरकुती पुसावीशी वाटली नाही.

आजचा संकल्प: चेहऱ्यासाठी काहीही विकत घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारू. हे काळजीपोटी घेतेय की भीतीपोटी? आणि याचं बिल दुसरं कोणी भरतंय का? मग आरशासमोर जितका वेळ जातो, त्यातली पाच मिनिटं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसू.

तुमच्या घरी कोण आहे, खाली नक्की लिहा. उद्या श्लोक १४.

राम कृष्ण हरी!