डोके तपासणारे हात

दुपारी ओटीवर लेकीला पुढ्यात बसवून आई फणीने तिच्या उवा-लिखा काढते. सरहद्दीवरचा अधिकारीही परक्या बाईचे केस उसकटून उवाच शोधतो. शोध एकच, तरी पहिल्या कृतीला आपण माया म्हणतो आणि दुसरीने माणसाची मान खाली जाते. हा फरक कोठून येतो? आमच्या मते ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे.

मेक्सिकोतून पूल ओलांडून अमेरिकेतील एल पासो शहरी कामाला येणाऱ्या मजुरांना १९१७ साली कपडे उतरवून तपासणी व सक्तीचे स्नान सोसावे लागे. उवा आढळल्यास केसांना रॉकेल व व्हिनेगर चोळीत. २८ जानेवारी रोजी कार्मेलिता तोरेस ह्या सतरा वर्षांच्या मोलकरणीने त्यास नकार दिला आणि तिच्यामागे हजारो स्त्रिया पुलावर उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून १९५४ पर्यंत आगंतुकांची छाननी होत असे. तेथे डॉक्टर त्यांच्या कपड्यांवर खडूने खुणा करीत. डोक्याच्या त्वचेच्या रोगासाठी एक खूण होती, तर मनोदोषाच्या संशयासाठी ‘एक्स’ हे अक्षर. केसांखालची त्वचा आणि कवटीतले मन, दोहोंची झडती एकाच रांगेत होई.

न्यायाने बोलायचे तर ही भीती निराधार नव्हती. टायफस हा घातक ताप उवांमार्फत पसरतो, हे शार्ल निकोल ह्यांनी १९०९ साली ट्यूनिस येथे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तो दोष कपड्यांत वस्ती करणाऱ्या, अंगावरच्या उवेचा आहे. शाळकरी मुलांच्या डोक्यातली ऊ तो ताप पसरवीत नाही. ती उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्याला डोके लागले की सरकते, आणि स्वच्छ केसांतही सुखाने राहते. शिवाय एलिस बेटाच्या काळी पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच उरकत असे. बेटावरची रांग प्रामुख्याने गरिबांची होती. उवेला तिकिटाचा वर्ग कळत नाही. तो माणसाला कळतो.

मनाच्या बाबतीतही असेच घडले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेलेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनिया अधिक आढळतो, असे ओडेगार्ड ह्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३२ साली नोंदविले. मुळात दुबळ्या मनाचीच माणसे देश सोडत असावीत, असा त्यांचा तर्क होता. परंतु २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात वेगळेच चित्र दिसले. स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत ह्या आजाराचे प्रमाण २.७ पट, तर दुसऱ्या पिढीत ४.५ पट आढळले. दुसऱ्या पिढीने तर गाव सोडलेलेच नव्हते! तेव्हा दोष केवळ निघालेल्या माणसात नसून त्याला मिळालेल्या वागणुकीतही शोधावा लागतो. बहुसंख्य स्थलांतरित निरोगीच राहतात, हेही विसरू नये. जेथे आपली माणसे शेजारी असतात, तेथे धोका कमी होतो, असेही अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. शेजार हेही एक औषधच आहे.

आपल्या देशानेही ही दोन्ही रूपे पाहिली आहेत. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. त्याच सुमारास, ३१ मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ह्या मजुरांची चिंता व भीती समजून घ्यावी असे सांगितले. निवारा छावण्यांत समुपदेशक आणि सर्व धर्मांचे प्रतिनिधी पाठविण्याचे सरकारचे आश्वासनही नोंदविले. एकीकडे मजूर म्हणजे जंतूंचा वाहक, तर दुसरीकडे घाबरलेला माणूस!

मग तपासणी करूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात कुष्ठरोग्याची तपासणी करणे हे याजकाचेच काम होते, आणि प्रभू येशूने तो नियम मोडीत काढला नाही. त्याने कुष्ठरोग्याला प्रथम हात लावला, बरे केले आणि मग याजकाकडे पाठविले, कारण त्या तपासणीनंतर त्याला आपल्या माणसांत परत जाता येणार होते. आमच्या मते कसोटी हीच. जी तपासणी उपचारापाशी व घरवापसीपाशी पोहोचते ती सेवा. जी दारापाशीच संपते तो बहिष्कार, मग तिच्यामागचे शास्त्र कितीही अचूक असो.

संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्र ह्यांना अनेक मठांनी परत पाठविले. उवांनी भरलेल्या चिंध्यांत ते यात्रा करीत फिरले आणि १७८३ साली रोममध्ये वारले. १८८१ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. ज्यांना वेदीवर बसवितो, त्यांना बाकावर शेजारी बसवू काय, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःस विचारावे.

उवा झालेल्या मुलाला वर्गातून घालवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आपल्या बांधकामांवर व वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या परगावच्या माणसांना आपण नावाने हाक मारावी. कुणी गप्प झाला, झोप उडाली, भलतेसलते बोलू लागला, तर ‘डोके फिरले’ म्हणून त्याला हाकलू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क सर्वांना दिला आहे, आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो क्रमांक लावून देणे आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसणे, एवढे तरी आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखे आहे.