चुकलेली घडी



मागच्या पावसाळ्यात एक माउली मिस्सा आटोपल्यावर आम्हांला भेटली. तिचा तरुण मुलगा दारूच्या नादी लागला असून घरात हात उचलू लागला आहे. "फादर, आमच्या घरात असं कधी कोणी नव्हतं. हे वाईट त्याच्यात शिरलं कुठून?" (अशा माता आपल्या धर्मग्रामात एकाहून अधिक आहेत. ही कोण, याचा शोध कुणी घेऊ नये.)

वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्यात पडलेली उणीव आहे, हे संत अगस्तीनचे उत्तर आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. परीक्षेत गुणही बरे मिळाले. पण मार खाल्लेल्या बाईला 'उणीव' कशी सांगावी? आमच्या तोंडून शब्द फुटेना. मुलाने पुन्हा हात उचलला तर शेजाऱ्यांना, वेळ पडल्यास पोलिसांना बोलाव, एवढेच तेव्हा सांगितले.

अगस्तीनचे म्हणणे आम्हांला नीट उमगले ते एका शास्त्रज्ञामुळे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. स्टॅन्ले प्रुसिनर १९७२ साली शिकाऊ डॉक्टर होते. मेंदू झिजवणाऱ्या एका दुर्मिळ रोगाने त्यांची एक रुग्ण दगावली. शरीर रोगाशी झुंजत असल्याची एकही खूण तिच्यात नव्हती, ताप नव्हता. मेंढ्यांना असाच 'स्क्रेपी' नावाचा रोग होतो. मेंढी खाज सुटून कुंपणाला अंग घासत राहते, लडखडते आणि मरते. प्रुसिनर या रोगाच्या मागे लागले. उंदरांना मेंढीच्या रोगाची लागण करायची आणि ते आजारी पडेपर्यंत महिनोन् महिने वाट पाहायची, असे ते काम. पुढे त्यांनी हॅमस्टर वापरले, कारण ते लवकर आजारी पडतात. किती मुके जीव यात गेले असतील! त्याचा हिशेब आमच्या मनात अजून मिटलेला नाही.

१९८२ साली त्यांनी जाहीर केले की या रोगामागे जंतू नाही, विषाणू नाही, नुसते प्रथिन आहे. त्याला त्यांनी 'प्रायॉन' नाव दिले. अनेकांनी थट्टा केली. १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तरी शंका घेणारे होतेच.

आम्हांला थबकवले ते पुढच्या शोधाने. हे प्रथिन बाहेरून आलेले नसतेच. निरोगी मेंदूतही तेच असते, तेच घटक, त्याच क्रमाने. फरक फक्त घडीचा. पातळ तेच, घडी चुकलेली. आणि ही चुकलेली घडी शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवते. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना रोग टोचला, पण त्यांना तो झालाच नाही. हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बिघडायलाही आधी काहीतरी चांगले असावे लागते.

अर्थात, प्रथिनाला इच्छा नसते, माणसाला असते. ब्रिटनमध्ये गुरांना मेलेल्या गुरांच्या मांसाहाडांची भुकटी खाऊ घालत. १९८६ साली तिथे गाईंमध्ये असाच रोग ओळखला गेला आणि १,८०,०००हून अधिक गुरांना तो झाल्याचे सिद्ध झाले. पुढे १७८ माणसेही गेली. खुराक स्वस्त पडावा हा निर्णय काही प्रथिनाचा नव्हता. त्यांना परिणाम ठाऊक नव्हता, हे मान्य. पण गाईने गाय खावी, हे पेंढा-पेंड घालणाऱ्या आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला न शिकताही खटकले असते.

आणखी एक फरक आहे. या रोगावर अजून उपचार नाही, बिघडलेली घडी मेंदूत सरळ होत नाही. म्हणून हा दाखला त्या माउलीला द्यायचे आम्ही टाळले.

ती पुन्हा आली तेव्हा आम्ही तिला विचारले, "लहानपणी कसा होता गं तो?" ती अर्धा तास बोलत होती. मिरकरवाड्याच्या बंदरावरून तो आजीसाठी बांगडे निवडून आणायचा आणि त्यातला सगळ्यांत मोठा कुणाला हात लावू द्यायचा नाही.