डोळ्यांवरचे कातडे

आपल्या भाषेत डोळ्यांविषयी जितके वाक्प्रचार आहेत तितके दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाविषयी क्वचितच असतील; आणि नीट पाहू गेल्यास त्यांतील पुष्कळसे डोळ्यांविषयी नसून पापण्यांविषयी आहेत. डोळेझाक करणे, डोळे मिटून व्यवहार करणे, पापणीला पापणी न लागणे, डोळ्यांवर कातडे ओढणे, या सर्वांत काम पापणीचे आहे. शेवटच्या वाक्प्रचारात तर पापणीला सरळ कातडेच म्हटले आहे, आणि ते ओढून घेणारा मनुष्य जाणूनबुजून दोषी असतो, असेही त्यात गृहीत धरले आहे. परंतु ज्याच्या डोळ्यांवर ते कातडे निसर्गानेच ओढले आहे, त्याने ते शस्त्राने वर करून घ्यावे किंवा कसे, आणि घ्यावयाचे तर आधी काय जाणून घ्यावे, हा प्रश्न म्हणींनी सोडविलेला नाही. तो मला एका घरगुती प्रसंगाने विचारावा लागला.

मोहोळ हे पुणे-सोलापूर रस्त्यावरील तालुक्याचे गाव; श्रीनागनाथाच्या देवळामुळे पंचक्रोशीत सर्वांच्या परिचयाचे. तेथील शाळेत मी आयुष्यभर शिकविले. माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी त्याच शाळेत शिकून पुढे पदवीधर झाली. तिच्या दोन्ही पापण्या जन्मापासूनच खाली उतरलेल्या, उजवी अधिक. गेल्या वर्षी तिला एक चांगले स्थळ सांगून आले. पाहण्याचा कार्यक्रम झाला, आणि चार दिवसांनी निरोप आला की, मुलगी पसंत आहे, फक्त तेवढे डोळ्यांचे पाहून घ्या; हल्ली साधे ऑपरेशन असते, तिथीच्या आत उरकून जाईल. त्याच संध्याकाळी बंधू माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही चार पुस्तके वाचलेली आहेत. करावे की न करावे?" मी फारसा विचार न करता उत्तर दिले, "देवाने दिलेल्या रूपावर शस्त्र कशाला चालवायचे?" मुलगी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

ते उत्तर मला रात्री टोचू लागले. मी स्वतः मोतीबिंदू काढून घेतला आहे, दातांची कवळी वापरतो, आणि चष्म्यावाचून मला वर्तमानपत्र वाचता येत नाही. देवाने दिलेल्या शरीरात इतक्या दुरुस्त्या करून घेतलेल्या मनुष्याने तरुण मुलीला मात्र देवाचे नाव सांगावे, यात धर्मबुद्धीपेक्षा आळस अधिक होता. तेव्हा मी जाणत्या वैद्यांना विचारले, थोडे वाचले, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम आपल्याकडील परंपरा पाहू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोग ७६ सांगितले असून त्यांपैकी २१ केवळ पापण्यांचे आहेत. केस आत वळून डोळ्याला घासू लागले म्हणजे पापणीच्या कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा काढून ती केसाने शिवावी, असा उपायही तेथे वर्णिला आहे. हा रोग बहुधा खुपऱ्यांच्या मागून येई, आणि खुपऱ्यांनी या देशात असंख्य लोकांची दृष्टी नेली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्याने भारतातून त्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर केले. म्हणजे पापणीवर शस्त्र चालविणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. नवे आहे ते त्यामागील कारण.

कारणाच्या विचारात एक जुनी हकीकत उपयोगी पडते. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बेतून, तो कपाळावर पसरून, त्याबरहुकूम कातडी कापली होती. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात चित्रासह छापली गेली, आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने लंडनमध्ये १८१४ साली तशीच क्रिया केली.

नाक गेल्यावरही श्वास चालतो. कावसजीने जे परत मिळविले ते मुख्यतः लोकांत मान वर करून वावरण्याचे सामर्थ्य होते. त्यास कोणी नटवेपणा म्हणणार नाही. यावरून असे दिसते की, 'गरज असेल तर योग्य, रूपासाठी असेल तर अयोग्य', ही आपली सोपी वाटणी टिकत नाही. चेहरा हाही मनुष्याचा एक अवयव आहे आणि त्याचे काम समाजात चालते. मग निवाडा कशावर करावयाचा? माझ्या मते दोन गोष्टींवर: करून घेणाऱ्यास आपण काय करून घेत आहोत याचे पुरते ज्ञान आहे काय, आणि ती इच्छा त्याची स्वतःची आहे काय.

पहिल्या गोष्टीत आपले अज्ञान मोठे आहे. पापणी खाली आली, एवढे एकच वाक्य आपण अनेक भिन्न विकारांना लावतो. उतारवयात पापणीवरची कातडी सैल होऊन लोंबते, तो एक प्रकार. पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडतो, तो दुसरा. भुवई खाली सरकून पापणीवर भार टाकते, तो तिसरा. कातडी कापल्याने स्नायू सुधारत नाही. म्हणून कोणता प्रकार आहे हे ठरविल्यावाचून शस्त्राची गोष्ट बोलणे व्यर्थ होय. काही वेळा तर दोष पापणीचा नसतोच. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळपर्यंत उतरत असेल, तर स्नायू लवकर थकविणाऱ्या रोगाची शंका घ्यावी लागते. सुजलेल्या पापणीमागे कंठातील थायरॉईड ग्रंथीचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. आणि पापणी एकाएकी पडून त्याबरोबर डोके दुखत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा बाहुली मोठी झाली असेल, तर ती मेंदूतील रक्तवाहिनीची हाक असू शकते. तेथे तासाचाही विलंब करू नये.

दुसरे असे की, पापणी हा पडदा नसून राखणदार आहे. मिनिटास सुमारे पंधरा-वीस वेळा ती डोळ्यावरून अश्रूंचा ओला हात फिरविते. तिची कातडी सर्व शरीरात अत्यंत पातळ असते, आणि जास्त कापली गेली तर डोळा पुरता मिटत नाही. मग तो कोरडा पडून बुबुळास इजा होते. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत त्याने ही गोष्ट वैद्यास आवर्जून सांगितली पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, पूर्वी झालेले डोळ्याचे ऑपरेशन, तंबाखूची सवय यांपैकी काहीही लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये, कारण पापणीसाठी हृदय धोक्यात घालणे हे शहाणपण नव्हे.

मोठ्या माणसांत ही क्रिया बहुधा जागा बधिर करून होते. टाके साधारणतः पाच ते सात दिवसांत निघतात. सूज व काळेनिळेपणा दोन आठवडे राहतो. पापणीचा खरा आकार कळण्यास काही महिने लागतात. 'तिथीच्या आत उरकून जाईल' या वाक्यातील खोटेपणा येथे उघड होतो. दोन्ही पापण्या हुबेहूब सारख्या होतीलच, असे कोणताही प्रामाणिक वैद्य सांगत नाही. पुन्हा शस्त्र लावण्याची वेळ कधी कधी येते. डोळ्यामागे रक्त साठून दृष्टी जाणे हा अनर्थ अत्यंत विरळा खरा, परंतु तो घडलाच तर तासांचा हिशेब असतो. तीव्र वेदना, दृष्टी मंदावणे किंवा डोळा पुढे येणे यांपैकी काही दिसताच त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागते. मोहोळाहून सोलापूर सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. म्हणून पहिली रात्र गावी येऊन न काढता रुग्णालयाजवळ काढावी, ही गोष्ट मला कोणत्याही तत्त्वचर्चेइतकीच महत्त्वाची वाटते.

आता या सर्वांहून जी गोष्ट माझ्या मनाला लागली ती सांगतो. जन्मतः उतरलेली पापणी जर बाहुली झाकीत असेल, तर त्या डोळ्यास पाहण्याची सवयच लागत नाही आणि त्याची दृष्टी मंद राहते. ही सवय लागण्याचा काळ बालपणीची पहिली सात-आठ वर्षे होय. त्या काळात तपासणी झाली, चष्मा दिला, चांगला डोळा काही वेळ झाकून मंद डोळ्याला कामास लावले, आणि जरूर तेथे पापणी उचलली, तर दृष्टी पुष्कळ वाचते. तो काळ निघून गेल्यावर पापणी कितीही सुंदर उचलली तरी गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. आम्ही मुलीला घेऊन सोलापुरास गेलो तेव्हा तपासणीत हेच निघाले. उजव्या डोळ्याची दृष्टी लहानपणीच मंदावलेली होती.

म्हणजे जोपर्यंत तो डोळा केवळ पाहण्यासाठी होता तोपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. आणि तो दुसऱ्यांना दाखविण्याची वेळ येताच सारे घर जागे झाले. हा दोष मी भावावर टाकू शकत नाही. पापण्या उतरलेले मूल समोरचे दिसावे म्हणून हनुवटी उचलून आणि कपाळाला आठ्या घालून पाहते. ती मुलगी माझ्याच वर्गात अशी बसत असे. आणि वडीलधाऱ्यांसमोर मान खाली ठेवावी, असे मी तिला एकदा नव्हे, अनेकदा सुनावले आहे. तिची पाहण्याची धडपड मला उद्धटपणा वाटली. कातडे तिच्या डोळ्यांवर होते, हे खरे. ओढून घेतलेले मात्र माझ्या डोळ्यांवर होते.

राहिली दुसरी गोष्ट, इच्छेची. १८७२ च्या करारविषयक कायद्यात संमतीची व्याख्या अशी आहे की, दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा ती संमती. वैद्य कातडी आणि स्नायू यांविषयी बोलतो, व्याही लग्नाविषयी बोलतात, बाप अब्रूविषयी बोलतो. येथे एक अर्थ कोठे आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली असे ठरविले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, धोके व दुसरे पर्याय पुरेसे समजावून मग घेतलेली संमतीच खरी. आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या ऐवजी तिच्या नातलगाने दिलेली संमती चालत नाही. कागदावरची सही हा त्या समजुतीचा पुरावा असतो. ती समजुतीची जागा घेऊ शकत नाही.

सोलापूरच्या वैद्यबाईंनी आम्हा दोघा भावांना बाहेर बसविले आणि मुलीला एकटीला विचारले, "तुला हे कशासाठी हवे आहे?" परत येताना मी भीतभीत विचारले की, तू काय सांगितलेस. ती म्हणाली, "काका, मी म्हटलं, मला मान वर न करता समोर बघायचंय. आणि लग्नाच्या तारखेच्या आत करायचं नाही."

येथे कोणी म्हणेल की, इच्छा तरी पूर्ण स्वतंत्र कोठे असते? लोकांची नजर आपल्या मनात शिरूनच इच्छा बनते. हे मी नाकारीत नाही. कावसजीची इच्छाही लोकांच्या नजरेनेच घडविलेली असेल. परंतु जी इच्छा धोके ऐकून, थोडा काळ थांबून, तारीख टळल्यावरही टिकते, ती आपली मानण्यास हरकत नाही. जी केवळ तारखेपुरती असते ती दुसऱ्याची उसनी घेतलेली असते. म्हणून अशा प्रसंगी घाई करणाऱ्यास, मग तो व्याही असो, जाहिरात करणारा असो की आपलेच प्रेमळ माणूस असो, थांबावयास सांगणे हे वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय.

ते स्थळ थांबले नाही. बंधूंना चार महिने वाईट वाटले. पुढच्या हिवाळ्यात मुलीने आपल्या पगारातून खर्च करून ऑपरेशन करून घेतले. पापण्या वर आल्या. उजवी किंचित कमी. झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, म्हणून ती रात्री मलम घालते. हे आधी सांगितलेले असल्यामुळे तिला त्याची भीती वाटली नाही. दृष्टी होती तेवढीच आहे.

परवा ती समोर बसून वर्तमानपत्र वाचीत होती. हनुवटी खाली होती, कपाळावर आठी नव्हती. मी शाळेतल्या त्या बोलण्याबद्दल तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली की, तिला ते आठवतही नाही. मला वाटते, तिला आठवते.