कागदावर न येणारा आजार



दिव्य कुरआनने मद्य निषिद्ध ठरविले आहे, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच आपण ते लपवितो. नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात आपण रुग्ण नेतो तो पोटदुखीचा, काविळीचा म्हणून. सलाईन लागते, तो घरी येतो आणि महिन्याभरात पुन्हा तीच एस.टी., तोच खर्च; कारण मूळ व्यसनावर उपचार झालेलाच नसतो. पत्नीच्या वाढलेल्या रक्तदाबाची औषधे वेगळीच.

पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने सुरू केलेल्या मुक्तांगणात हा उपचार ३५ दिवसांचा असतो. तेवढी मजुरी बुडते खरी. पण वारंवारच्या भरतीचा हिशेब शेजारी मांडून पाहा. मात्र नुसती शपथ घालून जुन्या मद्यपीची दारू एकाएकी तोडू नका. झटके येतात, प्राणही जाऊ शकतो. तौबा आजच करावी, दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यास रोखले आणि या माणसाचे अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, असे सांगितले. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे. तेव्हा पुढच्या खेपेस डॉक्टरांनी "पितो का?" असे विचारले, तर खाली पाहू नका. हो म्हणा, आणि व्यसनाचा उपचार कोठे होतो, हे तेथेच विचारा.