खिशातले पाते आणि गोपाचलचे रिकामे हात

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाई दरवाजाकडून चढू लागले, की रस्त्याच्या कडेला कातळातून दिगंबर तीर्थंकर उभे राहतात. पंधराव्या शतकात तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात ही शिल्पे कोरली गेली. त्यांतली सर्वांत उंच, आदिनाथांची मूर्ती सुमारे १७ मीटर आहे. तिच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसाला वर पाहताना टोपी सांभाळावी लागते. एवढ्या देहाच्या हातात काहीच नाही. गदा नाही, चक्र नाही, साधे कमळही नाही. १५२८ मध्ये बाबर इथे आला. त्याला या मूर्ती आवडल्या नाहीत आणि त्या फोडण्याचा हुकूम दिल्याची नोंद त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात केली. अनेक मूर्तींचे चेहरे त्या वेळी गेले, काही पुढे चुन्याने डागडुजी करून बसवले गेले.

त्याच टेकडीच्या, म्हणजे गोपाचलच्या, माथ्यावर गुरुद्वारा दाता बंदी छोड साहिब आहे. जहांगीरने सहावे गुरू हरगोबिंद यांना या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, आणि सुटताना त्यांनी आपल्यासोबत ५२ राजांनाही सोडवले, अशी शीख परंपरा सांगते. वडील गुरू अर्जनदेव यांच्या हौतात्म्यानंतर १६०६ मध्ये गुरुपदावर बसताना हरगोबिंदांनी दोन तलवारी धारण केल्या होत्या, एक लौकिक सत्तेची आणि एक आध्यात्मिक. खाली रिकामे हात, वर दोन तलवारी, आणि मध्ये गाडीने दहा मिनिटांची चढण. धारदार वस्तू जवळ बाळगावी की नाही या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे इतक्या कमी अंतरावर दुसरीकडे क्वचितच सापडतील.

हा प्रश्न मोठा वाटतो, पण तो अगदी किरकोळ प्रसंगी समोर येतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारा एखादा तरुण आयुष्यातला पहिला बरा घडीचा चाकू घ्यायचा ठरवतो. फळ कापायला, पार्सलची दोरी तोडायला, पेन्सिलीला टोक काढायला. तो दुकानात किंवा मोबाइलवर पाहू लागतो आणि पोलादाच्या जाती, कुलपांचे प्रकार, मुठीचे लाकूड यांत दोन तास बुडतो. या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न मात्र तिथे कुणी विचारत नाही: हे पाते कशासाठी, आणि ते कुणाकुणाच्या हाती जाणार आहे?

जैन परंपरेने तो विचारला आहे, तोही बारकाईने. दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू असतो, वस्तरा नसतो. डोक्याचे आणि दाढीचे केस ते हाताने उपटतात. या केशलोचामागे सहनशक्तीची परीक्षा आहे हे खरेच, पण एका साध्या वस्त्र्यासाठीही कुणावर अवलंबून राहायचे नाही आणि तो जपत बसायचे नाही, हेही त्यात आहे. गृहस्थाला एवढे कठोर व्रत नाही. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात श्रावकासाठी अनर्थदंडाचे, म्हणजे विनाकारण होणाऱ्या पापाचे, पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक आहे हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी अशी हिंसेला कारण होणारी साधने दुसऱ्याला देणे, हा त्यातला दोष.

या यादीत तलवारीच्या शेजारी कुदळ आहे, हे लक्षात घ्यायला हवे. कुदळ काही युद्धाचे हत्यार नाही. म्हणजे ग्रंथकाराचा रोख वस्तू शस्त्र आहे की अवजार यावर नाही. गरज नसताना ती वस्तू फिरवणे, वाटणे, कुणाच्याही हाती ठेवणे, यावर आहे. आपला आधुनिक कायदा पात्याची लांबी मोजतो. समंतभद्र देणाऱ्याचा हात पाहतात.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा मुद्दा पुस्तकातून शिकावा लागू नये. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येत वापरलेले बेरेटा पिस्तूल याच शहरात मिळवले गेले, असे त्या खटल्यात पुढे आले. ते मिळवून देण्यात हात असल्याच्या आरोपावरून शहरातल्या एका मराठी डॉक्टरला विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि १९४९ मध्ये अपिलात त्यांची सुटका झाली. निकाल काहीही लागो, ‘कुणी दिले’ हा प्रश्न या शहराच्या इतिहासात कायमचा बसून राहिला आहे. खिशातला चाकू आणि पिस्तूल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी देण्याची जबाबदारी दोन्हीकडे एकाच जातीची आहे, कमी-जास्त एवढेच.

बौद्ध भिक्षूंनी मधली वाट काढली. पाली परंपरेतल्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे भिक्षूजवळ असाव्यात अशा आठ वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई, पाणी गाळायचे फडके आणि एक वस्तरा येतो. पाते आहे, पण ते आठांतले एक, आणि त्याचे काम ठरलेले. नववे काही सापडले तर ते का आहे, याचे उत्तर द्यावे लागणार. चाकू गोळा करण्याचा छंद असलेल्या माणसाने ही यादी कपाटाच्या दारावर चिकटवायला हरकत नाही.

शिखांच्या कृपाणाकडे मात्र चाकू म्हणून पाहणे चूक आहे. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा उभा केला तेव्हापासून ते श्रद्धेचे चिन्ह आहे. सफरचंद कापण्यासाठी ते कुणी बाळगत नाही. भारताच्या राज्यघटनेने २५व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशाला सहा इंचांपर्यंत पाते आणि एकूण नऊ इंचांपर्यंत लांबी असलेले कृपाण जवळ ठेवता येते. शेजारच्या आसनावरच्या प्रवाशाचा दोन इंचांचा पेनचाकू मात्र सुरक्षा तपासणीत अडवला जातो. काहींना यात अन्याय दिसतो. तो नाही. एक वस्तू व्रत म्हणून अंगावर आहे, दुसरी सोय म्हणून खिशात, आणि सोय चेक-इन सामानात ठेवता येते.

मग मराठी घरांचे काय? आपल्याकडे अवजार आणि हत्यार यांत भिंत कधी फारशी उभी नव्हती. खंडेनवमीला सरदाराची तलवार पुजली जाते तशीच सुताराची करवतही. ग्वाल्हेरात शिंदे घराण्याचे प्रमुख दसऱ्याला मांढरेच्या मातेच्या देवळापाशी शमीपूजन करतात, तलवार शमीला लावतात, आणि जमलेली मंडळी पाने लुटतात, सोने म्हणून. नवजात बाळाच्या पाचवीच्या पूजेत कित्येक घरांत विळा किंवा कोयता मांडतात आणि त्याच पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवतात, सटवाईने नशीब लिहावे म्हणून. धार आणि अक्षर शेजारी-शेजारी. जुन्या दफ्तरांतले कारकून तेच करत. बोरूला टोक काढायचे तर कलमदानात चाकू हवाच, आणि तो बोथट असला की मोडीचे वळण बिघडे. इंग्रजांचा पेननाइफ पिसाच्या लेखणीसाठी जन्मला, आपला बोरूसाठी. खिशातल्या चाकूचा हा वंश पाहिला तर तो शस्त्रागारापेक्षा दफ्तरखान्याच्या जवळचा आहे.

काम ठरले की निवड सोपी होते, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. ‘राजनीती’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो डेल्फीच्या चाकूची कुचेष्टा करतो. कंजूष कारागीर एकच पाते अनेक कामांना बनवतात, निसर्ग तसे करत नाही, कारण एकाच कामाला वाहिलेले साधन ते काम सर्वांत उत्तम करते. (या सुरेख उदाहरणावरून त्याने स्त्री आणि गुलाम यांच्या स्वभावसिद्ध भेदाकडे उडी मारली, ती आपण न मारलेली बरी.) त्याच्या आधी प्लेटोने द्राक्षवेलीची फांदी कट्यारीनेही कापता येते, पण छाटणीच्या कोयत्याने ती नीट कापली जाते, असे म्हटले होते. पात्याचा सद्गुण म्हणजे त्याचे काम नीट पार पाडणे.

डेल्फीच्या चाकूचा आधुनिक अवतार स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सेनरच्या कारखान्यातला ऑफिसरचा चाकू १२ जून १८९७ रोजी नोंदवला गेला. त्याआधीचा सैनिकांचा चाकूही बंदूक खोलण्यासाठी आणि शिध्याचे डबे फोडण्यासाठी होता. सैनिकाला ते लागत होते. सराफ्यातल्या हिशेबनिसाला त्यातला स्क्रू ड्रायव्हर वर्षातून दोनदा आणि छोटे करवतीचे पाते कधीच लागत नाही. याउलट फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९०च्या सुमारास लाकडी मुठीत एकच पाते बसवले, शेतकऱ्यांसाठी. १९५५ मध्ये त्याला फिरती कडी मिळाली आणि पाते उघडे असताना घट्ट धरले जाऊ लागले. आठ क्रमांकाच्या ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटीमीटर असते. ॲरिस्टॉटलला हा चाकू पटला असता.

आता घेणाऱ्यासाठी थोडे व्यवहाराचे. चाकू उघडून पाते डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. खिळीत खेळ असेल तर तो पुढे वाढतच जातो. बंद केल्यावर पाते मुठीच्या दोन्ही बाजूंच्या मधोमध बसले पाहिजे. स्प्रिंग इतकी कडक नको की नखाच्या खाचेत नखच तुटेल. कार्बन पोलादाला धार चटकन आणि छान लागते, पण लिंबू किंवा कैरी कापून तसेच ठेवले तर ते काळे पडते, आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरवला नाही तर गंजते. विसराळू माणसाने स्टेनलेस घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पोलादाला पाणी नीट दिलेले आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून नावाजलेल्या कारखान्याचे चार पैसे जास्त द्यावे लागतात, आणि ते द्यावेत. स्वस्त चाकू बोथट असतो, बोथट पात्यावर जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले पाते निसटले की बोट कापते.

खटक्याचा, बटन दाबताच उघडणारा चाकू टाळावा. रामपुरीला हिंदी चित्रपटांनी रुबाब दिला, पण कांदा चिरताना त्या खटक्याचा उपयोग शून्य. १९५९चा शस्त्र कायदा घरगुती आणि शेतीच्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. परवान्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते गणले जाते, घरगुती, शेतीची वा कारखान्याची अवजारे सोडून. ठिकठिकाणच्या अधिसूचना याहून कडक आहेत. दिल्लीत १९८० पासून बटनाच्या चाकूसाठी ७.६२ सेंटीमीटरची मर्यादा आहे, आणि ग्वाल्हेरहून दिल्ली काही तासांवर. कायदा इथे नकळत समंतभद्रांच्या जवळ येतो. ज्या चाकूची रचनाच कामापेक्षा दरारा दाखवण्यासाठी आहे, त्याला तो वेगळा काढतो.

अपरिग्रहाचे नाव घेऊन मात्र चाकूच घेऊ नये, असा उपदेश करणे दिखाऊ ठरेल. आदिनाथांच्या मूर्तीच्या हातात काही नाही, पण ती मूर्ती ज्यांनी कोरली त्यांच्या हातात छिन्नी होती आणि ती रोज धार मागत होती. गृहस्थाला पाते लागते. एक चांगले लागते, पाच लागत नाहीत. पाचवा चाकू शोधणाऱ्याला बहुधा पहिल्याला धार लावायचा कंटाळा आलेला असतो.

म्हणून पहिल्या चाकूसाठी शिफारस साधी: एक पाते, सात ते साडेआठ सेंटीमीटर, बिनखटक्याचे, हाताला बसणाऱ्या मुठीचे. येत्या आठवड्यात त्याला एकही काम सुचत नसेल तर खरेदी पुढे ढकलावी. १९०५ पासून दर हिवाळ्यात भरणारा ग्वाल्हेरचा मेळा पुढच्या वर्षीही भरेलच. आणि मुलासाठी किंवा मुलीसाठी घेत असाल, तर चाकूसोबत धारेचा दगड द्या, समोर बसवून त्यांच्याकडूनच धार लावून घ्या, आणि तो चाकू मित्राला उसना द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.