परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही

सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. राणी,

काल रात्री मोबाइलवर आलेला मेसेज वाचून तू घाबरून फोन केलास. ‘बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला.’ तू त्या नंबरवर न बोलता मला विचारलंस, फार बरं केलंस. २०२२ मध्येही असे मेसेज राज्यभर फिरले होते, महावितरणला लोकांना सावध करावं लागलं होतं.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली, म्हणून सांगतो. थकबाकीपोटी वीज तोडायची तर २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम ५६ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि पुरते १५ दिवस थांबावं लागतं. कायद्याने दिलेली ही सवड तुला कळू नये, एवढीच तो मेसेज पाठवणाऱ्या माणसाची धडपड. तू कुणाला विचारलंस की त्याचा डाव मोडला.

‘डिजिटल अरेस्ट’चंही तेच. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दरडावतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरी सांगू नका. अशी अटक कायद्यात कुठेच नाही. हा प्रकार इतका माजला, की २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनाही त्यावर बोलावं लागलं. ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हणालं, की त्याच क्षणी फोन ठेव आणि पहिल्यांदा घरीच सांग.

तू विचारशील, खरी घाई नसतेच का? असते गं. मृगाचं वादळ आलं की झाड तारांवर कोसळायचं, अख्खी वसाहत अंधारात, ऑफिसचा फोन सारखा खणखणायचा. कुणाच्या घरी आजारी माणूस, कुणाची दुसऱ्या दिवशी परीक्षा. लोक खांबाखाली जमून ओरडायचे, ‘चढा ना लवकर!’ आमचा लाइनमन मात्र आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यायचा. फीडर बंद झाल्याची खात्री करायचा, मग डिस्चार्ज रॉड तारेला लावून लाइन अर्थ करायचा, आणि तेव्हाच वर चढायचा. शिव्या निमूट ऐकून घ्यायचा, पण यातली एकही पायरी गाळायचा नाही. बंद म्हटलेल्या लाइनमध्येही दुसरीकडून, एखाद्याच्या जनरेटरवरून, करंट येऊ शकतो हे त्याला ठाऊक असायचं. मला त्या माणसांबद्दल आजही फार आदर वाटतो.

तुझ्या वाळूजच्या ऑफिसात रोज दहा मेल ‘अर्जंट’ म्हणून येतात, असं तू म्हणतेस. अशा वेळी सरळ विचार, ‘साहेब, नेमकं किती वाजेपर्यंत हवंय?’ बरेचदा उत्तर ‘उद्या दिलंस तरी चालेल’ असंच येईल. आणि रागाच्या भरात घरच्या ग्रुपवर काही लिहिलंस, तर जेवण होईपर्यंत पाठवू नकोस.

एका बाबतीत मात्र क्षणभरही थांबू नकोस. पैसे खात्यातून गेलेच, तर लाजत बसू नकोस, तडक १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव आणि बँकेलाही कळव. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळलं, तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते. कालच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेव आणि संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये तक्रार कर. जमलं नाही तर रविवारी ये, आपण दोघं मिळून करू. येताना आईलाही घेऊन ये, तिलाही असाच मेसेज आलाय.

तुझे आजोबा