टांक्याचे कुलूप

थरच्या वाळवंटात घराशेजारचा टांका, म्हणजे पावसाचे पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, ही पिण्याच्या पाण्याची वर्षाची बेगमी. भोवतीची जमीन चोपून उतरती केलेली असते, तिला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी आगोर झाडून घेतात, त्यावर चपला घालून कोणी जात नाही. पाणी भिंतीतल्या जाळी लावलेल्या भोकांतून आत उतरते. वर झाकण, आणि झाकणाला बऱ्याचदा कुलूप. हे कुलूप धर्माला कितपत मान्य आहे?

धर्मशास्त्रात तळी-विहिरी खोदणे हे पूर्तकर्म, म्हणजे लोकोपयोगी पुण्यकर्म होय. त्याचा गाभा उत्सर्गात आहे: पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यायचे, मग खोदणाऱ्याचाही हक्क इतरांइतकाच. घरच्या टांक्याचा असा उत्सर्ग होत नाही. तो संसारातला ऐवज. बाडमेर-जैसलमेरच्या मुसलमान घरांना जवळची फिक्हची, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राची, मांडणी वेगळ्या वाटेने जाते. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळे भागीदार. पण कष्टाने भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याचे. तहानेने जीव चाललेल्याला मात्र ते नाकारता येत नाही.

म्हणजे मालकीला आधार कष्टाचा, आणि हवामानबदलाने तोच डळमळतो. तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले की अतिवृष्टीची तीव्रता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. मोठी सर टांक्याला तशी हवीच असते. रिमझिम आगोरातच जिरते. अडचण मापाची आहे. जोधपूरच्या काझरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने आखलेला टांका 21,000 लिटरचा. माणशी रोज दहा लिटर धरले तर सहा जणांचे वर्ष जेमतेम निघते. 200 चौरस मीटर आगोरावर दोन दिवसांत 150 मिलीमीटर कोसळले, तर 30,000 लिटर पाणी पडते. जिरेल तेवढे जिरून टांका भरतो, पुढचे वाहून जाते. हाच पाऊस अंतराअंतराने आला असता, तर मधल्या उपशाने जागा होत राहिली असती. असा एकदम कोसळणारा पाऊस वाळवंटातही येतो: ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेरजवळचे कवास गाव पुरात बुडाले.

अशा पावसात दुसरा टांका बांधू शकणाऱ्याचे वर्ष निघते. तेवढाच राबलेला शेजारी टँकरची वाट पाहतो. त्यातून कित्येक नवे टांके रोजगार हमीच्या पैशातून खासगी जमिनीवर उभे राहिले आहेत. तिथे कष्टाचा दावा निम्माच उरतो आणि कुलपाचे समर्थन अवघड होते. वाहून जाणारे पाणी तर फिक्हनुसार कोणाच्याच मालकीचे नाही. ते अडवायला गावाची सामाईक नाडी, म्हणजे तळे, लागते, आणि उत्सर्गाचा विधी मुळात अशाच जलाशयांसाठी सांगितलेला आहे.